साखर बॉर्डरवर आलीय? ही घ्या बारा आठवड्यांची कृती

रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "शुगर बॉर्डरवर आहे." आता घाबरायचं नाही, आणि "अजून मधुमेह कुठे झालाय?" म्हणत रिपोर्ट कपाटात टाकायचाही नाही. प्री-डायबेटिस म्हणजे रक्तातली साखर हवी त्यापेक्षा वर, पण मधुमेहाच्या आकड्याच्या खाली. इथून ती मागे आणता येते. त्यासाठी रत्नागिरीच्या बाजारात मिळत नाही असं काहीही लागत नाही. भात, मासे, उसळ, सोलकढी सगळं ताटात राहील, फक्त कोणाची वाटी मोठी आणि कोणाची लहान एवढंच बदलायचं. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्याच दिवशी सगळं बदलायला गेलात, तर आठवडाभरात सगळंच सुटतं.

साहित्य: शिंप्याची टेप, वजनकाटा, वही-पेन, रोजच्या वापरातली आमटीची एक वाटी, चहाचा चमचा, पायात नीट बसणारे बूट.

सुरू करण्याआधी: गरोदर असाल, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल, तर ही कृती आधी डॉक्टरांना दाखवा. खूप तहान लागते, सारखी लघवीला होते, न ठरवता वजन उतरतंय, अंधुक दिसतंय, यातलं काही होत असेल तर बारा आठवडे थांबू नका, आजच तपासून घ्या.

टप्पा पहिला: आपण कुठे आहोत ते पाहू (तयारीचा आठवडा)

१. पोटाचा घेर मोजा. सकाळी उभं राहा, श्वास सोडा आणि शेवटची बरगडी व कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा, बायकांचा ८० च्या आत. सांभाळा: पोट आत ओढू नका. हातपाय काटकुळे असले तरी मोजाच, आपल्याकडे बारीक माणसाच्या पोटावरही चरबी साठते.

२. धोक्याचे गुण मांडा. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीयांसाठी ही सोपी पद्धत तयार केली आहे. वहीत लिहा:
- वय: ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ ला २०, पन्नाशीपासून पुढे ३०.
- घेर: वर सांगितलेल्या आकड्याच्या आत ०, त्याहून १० सेंटिमीटरपर्यंत जास्त १०, त्यापुढे २०.
- हालचाल: नियमित व्यायाम आणि कष्टाचं कामही असेल तर ०, दोन्हींपैकी एकच असेल तर २०, एकही नसेल तर ३०.
- आईवडील: कोणालाच मधुमेह नाही ०, एकाला आहे १०, दोघांनाही आहे २०.

बेरीज ६० किंवा जास्त आली तर धोका मोठा. सांभाळा: बेरीज कमी आली म्हणून रक्ततपासणी टाळू नका.

३. तपासणी कुठे करायची ते ठरवा. गावात असाल तर आशाताईंना विचारा. तिशीच्या पुढच्यांची साखर आणि रक्तदाब आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत तपासतात. शहरात असाल तर जिल्हा शासकीय रुग्णालय आहे किंवा तुमची नेहमीची लॅब आहे. सांभाळा: बोटाला टोचून मशीनवर आलेला आकडा हा पहिला अंदाज. प्री-डायबेटिस आहे की नाही, ते शिरेतून घेतलेल्या रक्तावरच ठरवा.

४. सकाळची वेळ घ्या. सांभाळा: अंगात ताप असेल किंवा स्टिरॉइडची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून तारीख पुढे घ्या, कारण दोन्हींमुळे साखर वर जाते.

५. तपासणीच्या आदल्या रात्री नेहमीसारखं जेवा. सांभाळा: रिपोर्ट चांगला यावा म्हणून दोन दिवस भात सोडू नका. त्याने रिपोर्ट चांगला दिसेल, पण तुम्हाला त्याचा उपयोग होणार नाही.

६. किमान आठ तास उपाशी राहा. पाणी चालतं. सांभाळा: सकाळचा चहा नको, बिनसाखरेचाही नको.

७. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, दोन्ही तपासायला सांगा. पहिली त्या सकाळचा आकडा देते, दुसरी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी. सांभाळा: अंगात रक्त कमी असेल तर एचबीए१सी चुकू शकतं. लोह कमी असेल तर आकडा उगाच वर दिसतो. म्हणून हिमोग्लोबिनही बघून घ्या.

८. आकडे या यादीशी ताडून पाहा:
- उपाशीपोटी: १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ प्री-डायबेटिस, १२६ पासून पुढे मधुमेह.
- एचबीए१सी: ५.७ च्या आत ठीक, ५.७ ते ६.४ प्री-डायबेटिस, ६.५ पासून पुढे मधुमेह.
- ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी: १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ प्री-डायबेटिस, २०० पासून पुढे मधुमेह.

काही डॉक्टर उपाशीपोटीची सीमा ११० धरतात. तुमचा आकडा १०० ते १०९ मध्ये असला तरी ही कृती करा, तोटा काहीच नाही.

९. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. सांभाळा: शेजाऱ्याला लागू पडली म्हणून कोणतीही गोळी, काढा किंवा चूर्ण स्वतःहून सुरू करू नका. औषध लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील.

१०. वजन करून पुढचं लक्ष्य लिहा. वजन जास्त असेल तर त्याचे सात टक्के उतरवायचे, म्हणजे ७० किलोच्या माणसाने साधारण ५ किलो. सहा महिने हातात आहेत, घाई नको. सात टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं, या दोन गोष्टी धरून अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात (२००२) मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला होता. सांभाळा: वजन आधीच बेताचं असेल तर ते उतरवू नका, बाकीच्या पायऱ्या मात्र सगळ्या करा.

टप्पा दुसरा: आधी पेला (आठवडा १)

११. दिवसभरातले साखरेचे चमचे मोजा. चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे रोज आठ चमचे, जवळपास ४० ग्रॅम. महिन्याला सव्वा किलोच्या आसपास साखर नुसत्या चहातून पोटात जाते.

१२. प्रत्येक कपातला अर्धा चमचा कमी करा. दर चार दिवसांनी आणखी अर्धा. जीभ हळूहळू सरावते. सांभाळा: साखरेऐवजी गूळ किंवा मध घालू नका, रक्तात तेही साखरच होतात.

१३. चहाबरोबरची बिस्किटं, खारी आणि टोस्ट बंद करा. भूक असेल तर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा चणे घ्या. काजू हवेत तर मोजून आठ-दहा, डबा समोर ठेवून नाही.

१४. गोड पेयं बदला. कोकम सरबत आणि बाटलीतलं सॉफ्टड्रिंक यांच्या जागी ताक, साधं पाणी किंवा आगळाची सोलकढी घ्या. सांभाळा: आगळात मीठ असतं. रक्तदाब असेल तर आगळ बेतानेच घ्या आणि वरून मीठ घालू नका.

टप्पा तिसरा: जेवून उठा आणि चाला (आठवडा २)

१५. रात्रीचं जेवण झालं की दहा मिनिटं चाला. अंगणात, वाडीच्या रस्त्यावर, सोसायटीच्या आवारात, कुठेही. शतपावली पुरत नाही, घड्याळ लावा. सांभाळा: धावायचं नाही, बोलता येईल एवढाच वेग. अंधारात पाय कुठे पडतो ते दिसायला टॉर्च घ्या.

१६. चार दिवसांनी दुपारच्या जेवणानंतरही दहा मिनिटं सुरू करा. दुकानात किंवा ऑफिसात असाल तर डबा खाल्ल्यावर बाहेर एक फेरी मारून या. जेवणानंतर चढणारी साखर या चालण्याने स्नायूंच्या कामी येते.

टप्पा चौथा: ताट पुन्हा मांडा (आठवडे ३ ते ५)

१७. सध्या किती भात खाता ते वाटीने मोजा. तीन दिवस मोजा, वहीत लिहा, कमी काही करू नका. अंदाजाने सांगतो तो भात आणि वाटीने मोजलेला भात यांत बरंच अंतर निघतं.

१८. दर आठवड्याला भाताची अर्धी वाटी कमी करा, एका वेळी एक ते दीड वाटीपर्यंत या. सांभाळा: उकडा किंवा हातसडीचा तांदूळ पांढऱ्या तांदळापेक्षा बरा, पण वाटी तेवढीच. भाकरी, घावणे, बटाटा, कणगं हे सगळं भाताच्याच हिशोबात धरा.

१९. उरलेल्या जागेत भाजी वाढा. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर हे माप. पडवळ, दोडकं, दुधी, भेंडी, तवसं, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू आणि फोडशी. सांभाळा: ओलं खोबरं चवीपुरतं, एक-दोन चमचे, मूठभर नाही.

२०. पाव ताट कडधान्याला किंवा माशांना द्या. कुळथाची उसळ, काळे वाटाणे, बिरडं, मूग, अंडं, नाहीतर बांगडा, तारली, पेडवे. स्वस्त छोटे मासे उत्तमच. सांभाळा: रव्यात घोळवून तळलेली तुकडी रोज नको, तिखलं किंवा कालवण करा. पावसात ताजी मासळी नसेल तेव्हा सुकट चालते, पण आधी पाण्यात भिजवून खारटपणा काढा.

२१. खायचा क्रम बदला. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा मासा, शेवटी भात. त्याच ताटातले तेच पदार्थ, तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. सांभाळा: पहिल्याच घासाला भातावर आमटी ओतायची सवय जड जाते. भात सुरुवातीला वाढूनच घेऊ नका.

२२. नाश्त्याला सोबत द्या. नुसते घावणे किंवा आंबोळी चटणीशी नको. दोन घावणे आणि वाटीभर काळ्या वाटाण्याची उसळ, किंवा पोह्यांत मटार-शेंगदाणे आणि बाजूला उकडलेलं अंडं. सांभाळा: मऊ पेजेने आणि साखर घातलेल्या नाचणीच्या सत्त्वाने साखर झरझर चढते. नाचणी हवी तर अख्ख्या पिठाची भाकरी करा, तीही मोजून एक.

टप्पा पाचवा: अंग हलवा (आठवडे ६ ते ८)

२३. आठवड्यातून पाच दिवस सलग अर्धा तास भरभर चाला. तेच १५० मिनिटं. मांडवीचा किनारा, थिबा पॉइंटचा रस्ता, भाट्याची वाळू, जे जवळ असेल ते. वेग असा ठेवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. सांभाळा: किनाऱ्यावर ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर चाला, भुसभुशीत वाळूत घोटा मुरगळतो. छातीत दुखलं, दम कोंडला किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

२४. पावसाळ्याची जागा आत्ताच ठरवून ठेवा. पडवी, जिना, मोठा हॉल, नाहीतर एकाच जागी गुडघे उचलत चालणं. जून ते सप्टेंबर "पाऊस आहे" हे कारण रोज मिळणार आहे, म्हणून ही पायरी टाळू नका. सांभाळा: शेवाळलेल्या पायऱ्यांवर आणि ओल्या चिऱ्यांवर चालू नका.

२५. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम जोडा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, मग भिंतीला हात लावून दहा वेळा पुढे-मागे. असे दोन फेरे. सांभाळा: खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. गुडघा दुखत असेल तर आधाराने उठा, दुखणं वाढलं तर थांबा.

२६. बसल्या कामात दर अर्ध्या तासाने उठा. दोन मिनिटं उभं राहा, पाणी आणा, फोनवर चालत बोला. सकाळी अर्धा तास चाललो म्हणून दिवसभर बसून राहिलं तर त्यातला बराच फायदा वाया जातो.

टप्पा सहावा: रात्र आणि व्यसनं (आठवडे ९ आणि १०)

२७. रात्रीचं जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी उरका. सांभाळा: जेवणानंतर मालिका बघताना येणारा फरसाणाचा डबा हे दुसरं जेवणच असतं. स्वयंपाकघर आवरून दिवा बंद करा.

२८. झोपेची वेळ पक्की करा. सात तास झोप हवीच, ती कमी पडली की भूक आणि साखर दोन्ही वाढतात. सांभाळा: जोरात घोरता आणि दिवसा पेंग येते, असं असेल तर डॉक्टरांना सांगा.

२९. तंबाखू सोडायची तारीख ठरवा. विडी-सिगारेटने मधुमेहाचा धोका वाढतो, आणि मिसरी किंवा मळलेली तंबाखूही निरुपद्रवी नाही. एकट्याने जमत नसेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर फोन करा, मदत मोफत मिळते. दारूही याच तारखेपासून बंद केलीत तर वजनाला आणि यकृताला दोन्हीकडे फायदा.

टप्पा सातवा: आंबा, उपास आणि मोदक (आठवडे ११ आणि १२)

३०. आंब्याचं माप ठरवा. हापूस सोडायचा नाही, अर्धं फळ फोडी करून खायचं आणि त्या जेवणातली एक भाकरी किंवा अर्धी वाटी भात कमी करायचा. सांभाळा: आमरस नको, त्यात किती फळं गेली ते कळतच नाही. आंबापोळी आणि फणसपोळीही मिठाईत धरा. पिकला फणस दोन-तीन गरे एवढाच.

३१. उपासाचे पदार्थ बदला. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, तो भातापेक्षाही हात राखून खा. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर, ताक आणि थोडे शेंगदाणे. सांभाळा: दिवसभर उपाशी राहून रात्री दुप्पट जेवू नका.

३२. सणाला गोड आधीच मोजून वाढून घ्या. गणपतीत उकडीचा एक मोदक, शिमग्याला अर्धी पुरणपोळी, सावकाश आणि आनंदाने खा. जेवून झाल्यावर अंगणात एक फेरी जास्त मारा. सांभाळा: खरा धोका सणाच्या दिवसाचा नाही, चाकरमानी परत गेल्यावर आठवडाभर घरात उरलेल्या मिठाईच्या बॉक्सचा आहे. तो बॉक्स सणाच्याच दिवशी वाटून टाका.

टप्पा आठवा: पुन्हा मोजा (बारा आठवडे झाल्यावर)

३३. घेर आणि वजन पुन्हा मोजा, पहिल्या आकड्यांशेजारी लिहा. सांभाळा: वजन फारसं हललं नसेल पण घेर कमी झाला असेल, तर काम झालंय. निराश होऊ नका.

३४. तीन महिने पूर्ण झाल्यावर त्याच लॅबमध्ये, तशाच उपाशीपोटी, त्याच दोन तपासण्या करा. सांभाळा: महिन्याभरातच एचबीए१सी करून बघू नका, तो आकडा खाली यायला वेळ लागतो.

३५. निकाल पाहून पुढची वाट धरा. आकडे ठीकच्या रकान्यात आले तर सवयी तशाच ठेवा आणि दर वर्षी तपासा. खाली आले पण अजून बॉर्डरवर असतील, तर टप्पा चौथा आणि पाचवा आणखी तीन महिने काटेकोर पाळा. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीए१सी ६.५ वर किंवा त्यापुढे गेले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. सांभाळा: आकडे सुधारले म्हणून पुन्हा जुन्या ताटाकडे वळू नका, सवयी सुटल्या की आकडे परत चढतात.

३६. पुढच्या तपासणीची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा आणि त्याच दिवशी भाऊ, बहीण, नवरा-बायको, तिशी ओलांडलेली मुलं, सगळ्यांना सोबत न्या. गरोदरपणात जिला साखर झाली होती, तिला तर आग्रहाने न्या. एकाच चुलीवरचं जेवण सगळे जेवतात, तेव्हा बदललेल्या ताटाचा फायदाही सगळ्या घराला होऊ दे.